मायनं काढून टाकलेला दुभाषा

माझा बाप गावचा निरोप्या होता. गावात मयत झालं की आजूबाजूच्या गावांना सांगावा न्यायचा, कचेरीचा कागद आला की तो शेजारच्या केदारखेड्याला पोचवायचा, साहेब दौऱ्यावर आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचा. पायात काही नसायचं. पगारही नसायचा. त्याच्या जागी संध्याकाळी दारोदार फिरून भाकरी आणायचा आमच्या घराला हक्क होता. हक्क हा शब्द ऐकायला बरा वाटतो. प्रत्यक्षात दारापासून लांब उभं राहायचं, कमरेत वाकून जोहार घालायचा आणि वरून पडेल ते टोपलीत झेलायचं. हे काम मायचं. मी तिच्या मागं मागं असायचो. कोणत्या घरची भाकरी जाड आणि कोणत्या घरची करपलेली, हे मला डोळे झाकून सांगता यायचं. पुढं मेजवान्यांत वाइन तोंडात घोळवून ती कोणत्या मुलखातली ते सांगणारे लोक भेटले, तेव्हा मला त्यांचं फारसं कौतुक वाटलं नाही.

छप्पन साली आमची सगळी वस्ती बौद्ध झाली. मायनं भाकरीची टोपली मोडून चुलीत घातली आणि त्या जाळावर चहा केला. म्हणाली, "आजपासून या घरातलं कोणी कोणापुढं वाकणार न्हाई."

बाप म्हणाला, "मंग खायाचं काय?"

"ते उद्या बघू."

उद्या बघितलं तर काहीच नव्हतं. जोहार बंद झाला तसं मोठ्या शेतकऱ्यांनी आम्हाला कामाला बोलावणंही बंद केलं. पुढचा सगळा पावसाळा आम्ही रानात उगवणाऱ्या तरोट्याच्या भाजीवर काढला. माय दोन कोस चालून परक्या गावात खुरपायला जायची. खुरपताना वाकावं लागतं, पण ते तिच्या हिशेबी वेगळं वाकणं होतं. बाप मी कॉलेजात असताना वारला. त्याचा सांगावा न्यायला गावात कोणी उरलं नव्हतं, मायच दोन गावांना जाऊन सांगून आली.

मी शिकलो तो तिच्या हट्टापायी. भोकरदनची शाळा, मग औरंगाबादचं वसतिगृह आणि कॉलेज. आजूबाजूच्या सात गावांत मी पहिला बी.ए. ही गोष्ट मी नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. माणूस घाईत असला तर दोन मिनिटांत. मग दिल्लीची परीक्षा दिली, पास झालो आणि परराष्ट्र खात्यात लागलो. गावी येऊन मायला सांगितलं तर तिनं विचारलं, "काम काय असतं?"

"दुसऱ्या देशात जाऊन राहायचं. आपल्या सरकारचं म्हणणं त्यांच्या सरकारला सांगायचं, त्यांचं आपल्याला कळवायचं."

मायनं हातातलं खुरपं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे सांगावाच न्यायचा. बापाचंच काम झालं की. चपला तरी देतात का?"

मी दिल्लीहून नवे काळे बूट घालून आलो होतो. ते दाखवले. तिनं उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाली, "बराबर. आता जा."

अडुसष्टच्या सुरुवातीला मी बँकॉकच्या वकिलातीत खालच्या पायरीवरचा अधिकारी होतो. मेजवानीत कोणाच्या शेजारी कोणाला बसवायचं, कोणत्या मंत्र्याच्या बायकोला आधी नमस्कार करायचा, ही माझी खाती. शिवाय परदेशी बायकांच्या मंडळांपुढं 'भारतीय घर' या विषयावर मी भाषणं द्यायचो. त्याची एक छापील पुस्तिकाही मी तयार केली होती. सून सासूच्या पाया पडते, डोक्यावरून पदर घेते, नवऱ्याचं नाव घेत नाही, मोठ्यांसमोर वर बसत नाही, वगैरे. हे सगळं मी वरिष्ठांच्या बायकांकडून ऐकून आणि मासिकांत वाचून लिहिलं होतं. आमच्या वस्तीतल्या बाया नवऱ्याला नावानं हाका मारायच्या, त्याही तीन शेतं ओलांडून ऐकू जातील अशा. पण ते पुस्तिकेत कसं लिहिणार?

असंच एक भाषण झाल्यावर एक बाई माझ्याकडे आल्या. बाई थाई, तिथल्याच मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. म्हणाल्या, "तुमच्या बोलण्यात तुमची आई कुठंच आली नाही." मी काहीतरी विनोद करून वेळ मारून नेली. वर्षभरानं मी त्यांना मागणी घातली.

आमच्या खात्याचा तेव्हा नियम असा होता की परदेशी मुलीशी लग्न करायचं तर परवानगीच्या अर्जासोबत राजीनामाही जोडायचा. परवानगी मिळाली तर राजीनामा परत, नाही मिळाली तर राजीनामा मंजूर. मी दोन्ही कागद एकाच पाकिटात घातले. त्यानंतर सहा महिने मी धड नवरदेवही नव्हतो आणि धड अधिकारीही नव्हतो. तेवढ्यात होणाऱ्या सासरेबुवांनी चौकशीला बोलावलं. त्यांची गावाकडं भातगिरणी होती. त्यांनी दुभाषा म्हणून मुलीलाच बसवलं आणि विचारलं, "तू बौद्ध आहेस म्हणे?"

"हो."

"मग मूर्तीकडं पाय करून का बसलायस?"

मी पाय झटकन मागं घेतले. आपल्याकडं मांडी घालतात, तिथं पाय मागं दुमडून बसायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सासरेबुवांनी जरा निरखून पाहिलं. "कोणत्या प्रकारचा बौद्ध?"

"नवा," मी म्हणालो.

ते इतके हसले की त्यांच्या होकाराचं भाषांतर करायची गरजच उरली नाही. दिल्लीचाही होकार आला. लग्न एका सरकारी कचेरीत आणि तिथल्या विहारात झालं. मायला मी पत्रानं कळवलं. मायला वाचता येत नव्हतं. तिची पत्रं वस्तीतले मास्तर वाचायचे आणि तेच उत्तर लिहायचे. उत्तर चार ओळींचं आलं: "तुझं लग्न तुझ्या सरकारनं लावलं. आमच्यातल्या कोणी पाहिलं नाही, म्हणून मी ते लागलं असं धरत नाही. ती बाई तुझी बायको असंल. माझी सून झाली की कळवीन."

हे पत्र मी बायकोला वाचून दाखवताना "आई आशीर्वाद देते" असं सांगितलं. माझ्या भाषांतराच्या कामगिरीची ती सुरुवात.

त्यानंतर सहा वर्षं मी गावी गेलो नाही. कधी युद्ध, कधी बदलीची बातमी, कधी मुलगी लहान. बहात्तरच्या दुष्काळात माय रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती, आणि मी तिला पत्रातून 'तब्येतीस जपावे' असं कळवत होतो. कारणं सगळी खरी होती आणि सगळी खोटीही. मला भीती वाटत होती. मायनं दारातच "ही माझी कोणी न्हाई" म्हटलं तर? माझी मुलगी चार वर्षांची झाली होती, आजी म्हणजे काय हे तिला फक्त भातगिरणीवाल्या आजीवरून ठाऊक होतं. शेवटी बायकोच म्हणाली, "या वर्षी गेलो नाही तर मी एकटी जाईन. पत्ता माझ्याकडे आहे."

मग मी जे मला येत होतं ते केलं. दौऱ्याचा कार्यक्रम टंकलिखित करून घेतला, तीन प्रतींत. पहिला दिवस: आगमन, सासूबाईंच्या पाया पडणे, भेटवस्तू. दुसरा दिवस: वस्तीतील ज्येष्ठांच्या भेटी. खाली सूचना: तिखट टाळावे. बायकोला महिनाभर शिकवणी दिली. पदर कसा घ्यायचा, किती वाकायचं, 'सासूबाई' कसं म्हणायचं. ती शिकत होती आणि मध्येच विचारायची, "तुझी आई असं करायची, तिच्या सासूपुढं?"

"अर्थात," मी म्हणायचो. मायच्या सासूला मी पाहिलंसुद्धा नव्हतं.

शहात्तर साल होतं, उन्हाळा लागत होता. मनमाडला गाडी बदलून छोट्या रुळांच्या गाडीनं जालन्याला उतरलो, तिथून एसटी. बायकोच्या मांडीवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं एक गाठोडं होतं. बँकॉकपासून तिनं ते खाली ठेवलं नव्हतं. त्यात सासरेबुवांनी मायसाठी दिलेली बुद्धाची पितळी मूर्ती होती. मी सुरुवातीला ती बॅगेत बुटांशेजारी ठेवायला निघालो होतो, तेव्हा बायको माझ्याशी दिवसभर बोलली नव्हती.

कंडक्टर आला. "काय हाये गाठोड्यात?"

"मूर्ती," मी म्हणालो.

"कोंबडी असती तर अर्धं तिकीट लावलं असतं. ठेवा खाली, जागा अडून राह्यली."

"खाली नाही ठेवता येत."

"मंग मांडीवरच बसवा देवाला, आम्हाला काय." मग बायकोकडं बघून, "बाई कुठल्या?"

"थायलंडच्या."

"ते कोणत्या तालुक्यात येतं?" असं मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं. मी मागं वळून सगळ्या गाडीला नीट भूगोल समजावला. केदारखेडा आलं तेव्हा तो म्हातारा उतरता उतरता म्हणाला, "पोरगं हुशार हाये, पण लई बोलतं."

केदारखेड्याहून बैलगाडी. वस्तीच्या तोंडाशी माय उभी होती आणि तिच्यामागं सगळी वस्ती. माय वाळली होती, केस पांढरे झाले होते, पण उभी मात्र काठीसारखी. बायको गाडीतून उतरली. पदर डोक्यावर घेतला. चार पावलं पुढं गेली, शिकवल्याप्रमाणे गुडघे टेकले, मायच्या पायांवर दोन्ही हात ठेवून डोकं टेकवलं आणि स्पष्ट म्हणाली, "सासूबाई."

मला इतका अभिमान वाटला की मी लोकांकडं पाहिलं. लोक मायकडं बघत होते. मायनं पाय मागं ओढून घेतले, विस्तवावर पडल्यासारखे.

"हे कोणी शिकवलं हिला?"

बायकोला शब्द कळले नाहीत, पण रोख कळला. तिनं माझ्याकडं बोट केलं.

माय माझ्याकडं वळली. "वीस वर्षं झाली आपण वाकणं सोडून. तुला ठाऊक न्हाई? परक्या देशाची बाई, तिच्या बापानं ताठ मानेनं वाढवलेली, अन् तू तिला माझ्या दारात वाकायला शिकवून आणली? जयभीम शिकवायला काय तोंड दुखत होतं का तुझं?"

गर्दीतून एक काकी म्हणाल्या, "साहेबाला इसर पडला असंल. साहेब झाला ना."

मी तेव्हा दहा देशांच्या लोकांशी बोलणारा माणूस होतो. तिथं मी गाडीतल्या बॅगा मोजायला लागलो.

मायनं पाहुण्यांना घ्यावं तसं आम्हाला घरात घेतलं. बायकोला बाज दिली, स्वतः खाली बसली. पाणी दिलं, जेवू घातलं, आणि हेच वाईट होतं. घरच्या माणसाला ती कधी बस म्हणायची नाही, काम सांगायची. माझ्या मुलीला तिनं लांबून न्याहाळलं, जवळ ओढलं नाही. जेवताना मास्तरांना मी आधी लिहून कळवल्याप्रमाणं सपक वरण आणि भात आला. बायकोनं ते खाल्लं आणि माझ्या ताटातल्या, धावडा गावच्या जहाल मिरचीच्या ठेच्याकडं बघून विचारलं, "ते काय?" मी काही म्हणायच्या आत तिनं भाकरीच्या तुकड्यावर लिंबाएवढा गोळा घेऊन खाल्ला आणि पुन्हा हात पुढं केला. तिच्या देशातली मिरची आपल्या मिरचीची थोरली बहीण आहे. मी तोच ठेचा बोटभर चाटला आणि तांब्याभर पाणी प्यायलो. माय पाहत होती.

दुसऱ्या दिवशी मी दोघींना समोरासमोर बसवलं आणि मध्ये दुभाषा म्हणून स्वतः बसलो. हे तर माझं कामच होतं.

माय म्हणाली, "तिला इचार, इतक्या लांब लेक द्यायला तिचा बाप कसा तयार झाला? रडला का न्हाई?"

मी बायकोला म्हणालो, "आई तुझ्या वडिलांना सन्मानपूर्वक अभिवादन करते."

बायको मायच्या चेहऱ्याकडं बघत म्हणाली, "त्यांनी काहीतरी विचारलं. तू मला उत्तर द्यायला प्रश्नच दिला नाहीस."

"तो शिष्टाचार आहे."

मग तिचे डोळे भरले आणि ती म्हणाली, "त्यांना सांग, काल मी त्यांना दुखवलं. त्यांनी काय सोडलंय ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मला माफी मागायची आहे, पण कशी मागतात तुमच्यात ते मला माहीत नाही."

आता हे सरळ सांगितलं असतं तर? पण दहा वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून आलं, "ती म्हणते, तुमचं गाव फार सुंदर आहे."

मायनं माझ्याकडं बघितलं. "गाव बघून डोळ्याला पाणी आलं का तिच्या?"

मी तांब्या उचलून पाणी प्यायलो.

"ती एवढं बोलली अन् तू एवढंसं सांगितलं. मी एवढंसं बोलले तव्हा तू भाषण केलं. तुझा बाप मयताचा सांगावा न्यायचा, पण मेलेल्याला जिता सांगत न्हवता." ती उठली. "उद्या सकाळच्या गाडीनं भोकरदनला जाय. बाजार हाये."

"काय आणू?"

"काहीबी आण. सांज होईस्तोर इथं दिसू नको, बस."

असं मला कामावरून काढण्यात आलं. भोकरदनच्या बाजारात मी गूळ घेतला, मुलीला बांगड्या घेतल्या, एका हॉटेलात तीन चहा घेतले. एक जुना वर्गमित्र भेटला, त्यानं विचारलं, "एवढा मोठा साहेब, इथं काय करून राह्यला?" मी म्हणालो, घरी महत्त्वाच्या वाटाघाटी चालू आहेत. तो म्हणाला, "अन् तू बाहेर?" मी चौथा चहा मागवला. खरं म्हणजे मी पार धास्तावलो होतो. तीन दिवसांनी सुटी संपणार होती. मायनं हिला पाहुणी म्हणूनच परत पाठवलं, तर ही पुन्हा कशाला येईल? आणि माझी पोरगी मोठी होऊन या गावाला काय म्हणेल?

दिवस मावळायच्या सुमारास वस्तीत आलो. घरात कोणी नव्हतं. बाज रिकामी उभी केलेली. अंगणात मिरच्यांच्या देठांचा ढीग पडलेला. म्हणजे बायकोला काम सांगितलं गेलं होतं. शेजारच्या काकी भिंतीवरून म्हणाल्या, "लवकर आला रे. बाया विहारात गेल्यात, पुनव हाये ना."

"माझी बायको?"

"ती तर पुढं हाये सगळ्यांच्या. आरं, तू गेला अन् तिनं ते गाठोडं सोडलं. मूर्ती मांडली, मागं पाय दुमडून बसली अन् तीन बार जमिनीला डोकं टेकलं. तुझी माय बघतच राह्यली. मंग तीबी शेजारी बसली. घटकाभर दोघी तशाच. मंग तुझ्या मायनं पोरीला मांडीवर घेतलं अन् हिच्यापुढं मिरच्यांचं सूप सरकवलं."

विहार म्हणजे पत्र्याची एक खोली. दारापर्यंत आलो तर आत त्रिसरण पंचशील चाललं होतं. बायांच्या आवाजात बायकोचा आवाज वेगळा येत होता. शब्द तेच, चाल निराळी, जरा नाकातून. आमच्या बायांचं म्हणून झालं तरी ती थांबली नाही, पुढचं म्हणत राहिली. तिच्या आजीनं लहानपणी पाठ करून घेतलेलं. बाया गप्प बसून ऐकत होत्या. संपल्यावर मायनं मला दारात पाहिलं.

"हिला सगळं पाठ हाये. आमच्यापेक्षा जास्त. तू म्हण."

"मी?"

"सात गावांत पहिला बी.ए. ना तू? म्हण की."

धर्म बदलला तेव्हा मी शाळकरी होतो, नंतर वसतिगृहात, नंतर परीक्षेत, नंतर परदेशात. परिषदांत मी बौद्ध वारशावर बोललो होतो, टाळ्याही घेतल्या होत्या. त्रिसरण कसंबसं म्हटलं. पंचशीलात तिसऱ्या ओळीला गाडी अडकली. माझी चार वर्षांची मुलगी मायच्या मांडीवरून पुढची ओळ म्हणाली. विहारात हशा झाला, तो मला आजही ऐकू येतो.

"बरं," माय म्हणाली. "परवा लग्न लावू. आपल्या विधीनं, सगळ्यांदेखत. मास्तर, तुम्ही वाचा. हिचं इथं कोणी न्हाई, तव्हा हिच्या बाजूनं मी."

"आणि माझ्या बाजूनं?" मी विचारलं.

"तुझं तू बघ."

मास्तर दयाळू होते, विधी वाचणारेही तेच आणि माझ्या बाजूनं उभे राहणारेही तेच. परवा सकाळी पांढरी साडी नेसून बायको विहारात आली, तिच्या खांद्याला खांदा लावून माय. दोघी ताठ. मी आदल्या दिवशी घोकंपट्टी केली होती, तरी मधेच अडलो. बायकोनं हळूच सांगितलं. मागून एका म्हातारीनं आरोळी दिली, "जावईबापू, पाठ करून येत चला!" माझ्याच वस्तीत मला जावई करून टाकलं. विधी संपल्यावर बायकोनं मायला हात जोडून जयभीम केला. तो तिला मी शिकवला नव्हता. मायनं तिचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही माझी सून."

निघायच्या आधी मायनं सासरेबुवांना पत्र लिहून घेतलं. त्याचं इंग्रजी मास्तरांनीच करायचं, मी हात लावायचा नाही, ही अट घातली. मी कबूल झालो. त्यात काय लिहिलं होतं ते बायकोनं मला अजून सांगितलेलं नाही.

त्या उन्हाळ्यात माझ्या मायनं माझ्या बायकोला सून म्हणून आणि माझ्या मुलीला नात म्हणून घरात घेतलं. पुढच्या हिवाळ्यात ती बँकॉकला आमच्याकडे येऊन तीन महिने राहिली. सासू-सुनेत मी पुन्हा भाषांतर केलं नाही.